मापासाठी उभा केलेला माणूस

भिंत अर्धीच उरली आहे.

शिरपूरहून सातपुड्याकडे निघालं, की शेवटच्या कापसाच्या शेतानंतर माती संपते आणि मुरूम लागतो. तिथून ती दिसायला लागायची. काळी, सरळ, टेकड्यांच्या पाठीवरून उगवतीकडून मावळतीकडे गेलेली. ती कुणी बांधलेली नाही. कधीकाळी जमिनीला तडा गेला, त्यातून रस वर आला, थिजला. भोवतालचा मऊ खडक पावसांनी झिजवून नेला आणि ही तेवढी उभी राहिली. भूगर्भशास्त्रातली माणसं तिला डाईक म्हणतात. पायथ्याच्या पाड्यावरचे लोक नुसतं 'भिंत' म्हणायचे, घरच्या भिंतीला म्हणावं तसं.

आता तिच्या उगवतीच्या अंगाला खडीचा क्रशर लागला आहे. पळसांवर पांढरी भुकटी बसली आहे. फाल्गुन होता, पळस फुलले होते, पण फुलं राखेतून काढल्यासारखी दिसत होती.

धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवणारी तरुण प्राध्यापिका मला तिथं घेऊन गेली होती. सगळी फुटून जायच्या आत तिला भिंतीचे जुने फोटो जमवायचे होते. तिच्या हातात एका जुन्या अहवालाची झेरॉक्स होती. तिने पान उघडून माझ्यापुढे धरलं. झेरॉक्समध्ये सगळा खडक काळा ठिक्कर झाला होता. त्याच्या पायथ्याशी करंगळीच्या नखाएवढा एक माणूस, आपल्याकडे पाठ करून. खाली ओळ होती : डाईकची दक्षिण बाजू, मापासाठी एक माणूस.

"मावशी, हा फोटो तुम्हीच काढलेला ना?" तिने विचारलं.

"हो."

"आणि हा कोण?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "रुमाल्या."

आमचा फोटो स्टुडिओ शिरपूरच्या बाजारपेठेत होता. नाना, म्हणजे माझे वडील, फोटो काढायचे आणि मी मागच्या खोलीत निगेटिव्हवर काम करायची. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं, निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायची, आणि चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालचं काळं एकेका ठिपक्याने घालवायचं. लग्नाच्या मुलींचे फोटो माझ्या हातून उजळ होऊन जात. कधी कुणाच्या घरी माणूस जायचं आणि जिवंतपणीचा फोटोच नसायचा. मग नाना तिरडीशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि मी त्या मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढायची. उघडे, शांत, समोर बघणारे. लोक ते फोटो नेताना रडायचे आणि म्हणायचे, "बठ्ठं जसंच्या तसं शे." सगळं अगदी तसंच आहे.

मला त्याचा अभिमान होता. हे लिहायला हवं.

गल्लीत एक-दोन घरी टीव्ही आला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. माघ संपता संपता नागपूरकडचे एक सर्वेक्षणाचे साहेब दुकानात आले. भिंतीचे आणि आसपासच्या खडकांचे फोटो हवे होते, पंधरा-वीस दिवस डोंगरात राहावं लागेल, असं म्हणाले. नानांच्या हाताला तेव्हा कंप सुटला होता. गिऱ्हाइकासमोर ते हात पाठीमागे धरून बोलत. साहेबांना हो म्हणून ते आत आले आणि मला म्हणाले, "पोरी, तू चाल माझ्यासंगे. खटका तू दाबशील."

तेवीस वर्षांची होते मी. त्याआधी सातपुडा मी फक्त गच्चीवरून पाहिला होता, निळा.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. पहाटे तंबूबाहेर यावं तर मोहाच्या फुलांचा गोड, जड, डोक्यात जाणारा वास. खाली नाल्यातल्या थंड वाळूचा. पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन मोहाखाली वाकलेल्या असत, त्यांच्या पायांतल्या कडल्यांचा आवाज यायचा. साहेबांचा हातोडा खडकावर पडला, की आधी टणत्कार आणि मग जळल्यासारखा एक वास. दगड फुटला, की आत कधी पोकळी निघायची आणि तिच्यात पांढरे स्फटिक, मीठ गोठावं तसे. साहेब ते भिंगातून बघत आणि इतके खूश होत, की आम्हालाही हसू यायचं. वाईट नव्हता तो माणूस. दगडांवर त्याचं मनापासून प्रेम होतं.

वाट दाखवायला आणि कॅमेऱ्याची तिकाटणी उचलायला पाड्यावरचा रुमाल्या होता. पावरा जमातीचा माणूस, तिशीचा, सडपातळ, डोक्याला लाल फडकं, डाव्या कानात चांदीची बाळी. घरची बोली वेगळी, पण आमच्याशी तो बाजारातल्या अहिराणीत बोलायचा. पहिल्याच दिवशी साहेबांनी त्याला भिंतीला टेकवून उभं केलं आणि टेपने मोजलं. पाच फूट चार इंच. वहीत लिहिलं. खडकाच्या फोटोत काहीतरी ठाऊक उंचीचं असावं लागतं, नाहीतर खडक केवढा ते बघणाऱ्याला कळत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. काही जण हातोडा ठेवतात, काही जण छत्री. इथं भिंत चाळीस-चाळीस फूट उंच. माणूसच हवा.

"त्याला सांगा, पाठ करून उभा राहा म्हणावं," साहेब म्हणाले. "चेहरा दिसला, की बघणारा चेहऱ्याकडे बघतो. खडक राहून जातो."

ते खरंच होतं. मलाही पटलं.

आमचा कॅमेरा दुहेरी भिंगाचा. वरून मान वाकवून खाली काचेत बघायचं. काचेत डावं ते उजवं आणि उजवं ते डावं दिसतं. मी त्या काचेत रुमाल्याला हलवत राहायची. "रुमाल्याभाऊ, थोडं सरका. अजून. बस. आता हलू नका." तो दगडाकडे तोंड करून उभा राहायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. दर फोटोनंतर साहेब वहीत खडकाचं नाव, दिशा, वेळ लिहीत.

दोन-तीन दिवसांनी तो मला म्हणाला, "अक्का, मी काय फूटपट्टी शे का?"

आणि स्वतःच हसला. हसताना त्याचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. एवढं आठवतं. त्या हसण्यातलं एवढंच मला आता खात्रीने आठवतं.

दुपारी भिंतीच्या सावलीत आम्ही जेवायला बसायचो. नाना भाकरीवर चटणी घेऊन त्याला द्यायचे, तो त्याच्या फडक्यातून ज्वारीचा जाड रोटला आणि उडदाची डाळ काढायचा. भिंतीतले दगड आडवे, सहा कोनांचे, एकावर एक रचलेल्या मोळीसारखे. तो म्हणायचा, आजा सांगायचा, कुणा देवाने चुलीसाठी लाकडं रचून ठेवली, पण स्वयंपाक करायला तो आलाच नाही. लाकडांचा दगड झाला. साहेब हे ऐकून म्हणाले, "अगदी चूक नाही. तापलेलंच होतं."

एका दुपारी रुमाल्या माझ्याजवळ आला. साहेब लांब होते.

"अक्का, एक फोटू मन्हा म्होरेथून काढ ना."

"कशाला?"

"जामलीले देखाडाले. ती म्हनस, दिनभर कोठे जास तू? मी सांगस, दगडना म्होरे उभा ऱ्हास. तिले खरं वाटत नही."

जामली म्हणजे त्याची बायको. मी तिला पाहिलं होतं. तिच्याबरोबर दोन मुली असायच्या, मोह वेचायला यायची, आमच्याकडे बघून पदर दातात धरायची. मी म्हणाले, "शेवटच्या दिवशी काढते."

शेवटच्या दिवशी शेवटच्या रोलमध्ये एक फोटो उरला. ऊन उतरलं होतं. भिंत तांबूस झाली होती, आडव्या दगडांची एकेक कड उजळली होती. त्या पंधरा-वीस दिवसांत असा उजेड आला नव्हता. मी काचेत बघत होते. रुमाल्या पायथ्याशी उभा होता, पाठ करून. इतक्यात त्याच्या पायाजवळच्या झुडपातून तित्तर भुर्रकन उडाला. तो दचकला, मागे वळला आणि माझ्याकडे बघून हसायला लागला. सगळा चेहरा उजेडात. दात, कानातली बाळी, डोळे बारीक झालेले. माझा अंगठा खटक्यावर होता.

"घेऊ नका," मागून साहेब म्हणाले. "एकच उरलाय. त्याला वळू द्या."

मी म्हणाले, "रुमाल्याभाऊ, तिकडे तोंड करा."

तो वळला. मी खटका दाबला. झेरॉक्सच्या पानावर आहे तो हाच.

त्याला म्हणाले, शिरपूरला दुकानात या, जामलीला घेऊन या, दोघांचा काढू, मागे पडदा लावून. तो 'हो' म्हणाला आणि तिकाटणी जीपमध्ये ठेवून पाड्याच्या वाटेला लागला. जाताना त्याने मागे वळून हात केला की नाही, मला माहीत नाही. मी लेन्स पुसत होते.

पुढच्या वर्षी चैत्रात जामली दुकानात आली. एकटी. उन्हातून चालत आलेली, पायावर धुळीचे मोजे. पायरीवरच बसली. मी पाणी दिलं. ते तिने अर्धं प्यालं आणि अर्धं डोळ्यांना लावलं.

रुमाल्या दिवाळीनंतर टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेला होता. टोळी परत आली. तो आला नाही. टोळीतले म्हणाले, एक दिवस फडावरून तालुक्याच्या गावी गेला तो गेलाच. तिचा दीर तिकडे जाऊन आला. तिथल्या पोलीस ठाण्यात गेला, तर ते म्हणाले, अशी माणसं रोज येतात-जातात, फोटो असेल तर शोधू.

"पोलीस म्हने, फोटू लिसन ये," जामली म्हणाली. "तू तेन्हा फोटू काढेल शेतस ना, अक्का? तो सांगे, लई फोटू काढात. दे ना एक."

नाना माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

निगेटिव्ह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. साहेबांनी प्रिंट नेले होते, निगेटिव्ह आमच्याकडे ठेवल्या होत्या. मी मागच्या खोलीत गेले, उजेडाची काच लावली आणि एकेक पट्टी भिंगाखाली धरू लागले. खडक. खडक. खडकापुढे पाठ. लाल फडक्याचं गाठोडं, निगेटिव्हमध्ये पांढुरकं. पाठ. खांदे. पाठ. एका ठिकाणी तर तो इतका स्वच्छ पाठमोरा होता, की सदऱ्यावरचं ठिगळ दिसत होतं. बाहेर जामली पायरीवर बसली होती. मी दुसऱ्यांदा पहिल्यापासून बघायला लागले, जणू मधल्या वेळात एखाद्याने मान वळवली असेल. मग तिसऱ्यांदा. डोळ्यांतून पाणी आलं तर निगेटिव्हवर पडेल म्हणून मी मान मागे करून बघत होते. दोनशेच्या आसपास फोटो, आणि त्या माणसाला तोंड नव्हतं.

एका फोटोत कदाचित माशी बसली असेल, त्याने मान जराशी डावीकडे केली होती. गालाची कड, कान, बाळी. बाकी सावली. तेवढं तिळाएवढं डोकं मी एन्लार्जरखाली वाढवत नेलं. लाल दिव्यात कागद रसायनाच्या पाण्यात सोडला, हलवत राहिले. वर आलं ते माणसाचं डोकं नव्हतं. वाळू सांडल्यासारखे दाणे आणि त्यांत एक कान.

नाना मागे येऊन उभे राहिले होते. हायपोच्या, फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात त्यांना खोकल्याची उबळ यायची, तरी थांबले.

"मी काढू शकते," मी म्हणाले. "मला आठवतो तो. कान आहे, गालाची रेघ आहे. बाकीचं मी भरते."

"नको."

"मेलेल्यांचे डोळे काढतोच ना आपण?"

नानांचा हात थरथरत होता; त्यांनी तो लपवला नाही. "मेलेल्याला कुणी शोधायला जात नाही, पोरी," ते म्हणाले.

मी ऐकलं नाही. दाराबाहेर पायरीवर ती बाई बसली होती आणि तिला देण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

तीन दिवस लागले. जामलीला रोज पाड्यावर जाऊन परत येणं शक्य नव्हतं, ती आमच्याच घरी राहिली. ओसरीत बसून मुकाट्याने डाळ निवडायची. मी तिला विचारायची, "नाक कसं होतं?" ती म्हणायची, "नाकसारखं." "भुवया जाड?" ती विचार करायची आणि तिचा चेहरा केविलवाणा व्हायचा. "तसं देखीसन कोन ऱ्हास, अक्का?" आपल्या माणसाकडे असं मोजून-मापून कोण बघतं? मी बघितलं होतं. इंचात. पण पाठीमागून.

मी ब्रशने, पेन्सिलीने तो चेहरा भरला. हसरा नको, पोलिसांना द्यायचा आहे, म्हणून ओठ मिटलेले. डोळे काढले. माझा हात ज्या डोळ्यांना सरावलेला होता तसेच ते झाले. उघडे, शांत, समोर बघणारे. त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून बारा छोट्या प्रती केल्या.

जामलीने एक प्रत हातात घेतली. उजेडाकडे केली. कानावर बोट ठेवलं.

"कान तेन्हाच शे," ती म्हणाली.

मग तिने बारा प्रती पदराच्या टोकाला बांधल्या आणि गेली.

जवळजवळ दोन महिन्यांनी ती परत आली. ऊन तापलं होतं, बाजारपेठ दुपारी बंद असायची. ती त्याच पायरीवर बसली आणि तिने मला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. ती आणि दीर गावोगाव फिरले. फोटो दाखवले. एका गावात एक जण म्हणाला, या तोंडाचा माणूस मी पाहिलाय, दवाखान्यात पडून आहे, बोलत नाही, नाव सांगत नाही. दोन दिवस चालत, कधी ट्रकवर बसून ते तिथं पोचले. वॉर्डात शेवटच्या खाटेवर माणूस होता.

"फोटूसारखाच व्हता, अक्का," जामली म्हणाली. "नाक तसंच. डोळा तसाच. मी धावत गयी. पन तो नव्हता."

"मग?"

"मग काय. तेन्हं कोनीच नव्हतं. मी तेले पानी पाजं. दोन दिन ऱ्हायनी. तो मरी गया. मग आम्ही माघारी उनूत."

मी आत गेले. एन्लार्जरखालच्या टेबलावर माझ्या पेन्सिली ओळीने लावलेल्या होत्या, टोकं वर करून. मी त्या गोळा केल्या, पण कुठं टाकाव्यात ते मला सुचेना. शेवटी त्या हातात घेऊनच मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. नाना आले आणि त्यांनी त्या माझ्या मुठीतून एकेक सोडवून घेतल्या.

त्यानंतर मी कुणाचे डोळे काढले नाहीत. पुढे रंगीत फोटो आले, प्रिंट मशीनवर निघायला लागले, निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे दिवसच संपले. नाना गेले. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. हायपोचा वास, लाल दिवा, बादलीत रात्रभर धुवत ठेवलेले आणि सकाळी दोरीला चिमटे लावून वाळत घातलेले अनोळखी लोकांचे चेहरे, सगळं गेलं. ते दिवस गेले याचं लोक मला हळहळून सांगतात. मी मान हलवते. माझं गेलेलं त्यात नाही. माझी गेलेली वस्तू एका सेकंदाच्या साठाव्या भागाएवढी आहे, तित्तर उडाल्यानंतरची.

तिथून निघताना मी प्राध्यापिकेला म्हणाले, पाड्यावर जाऊ. मनाशी ठरवलं होतं, की जामली असेल तर तिला सांगायचं. तो माझ्याकडे वळला होता, हसत होता, आणि मी त्याला पुन्हा दगडाकडे तोंड करायला लावलं. एवढं सांगितलं, की मग तिने मला काहीही म्हणावं.

जामली होती. केस पांढरे, कुडाला टेकून उन्हात बसलेली. मला ओळखायला तिला वेळ लागला, पण ओळखल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडले नाहीत. मुली सासरी नांदतात, म्हणाली. एक नातू शिरपूरला शिकतो. मग ती उठली, आत गेली आणि खिळ्यावरची तसबीर काढून घेऊन आली. बारातली एक प्रत कुणीतरी मोठी करून, रंग भरून दिली होती. सदरा निळा, फडकं लाल.

प्राध्यापिका वाकून बघत होती. "हाच का तो, रुमाल्या?" तिने मला हळूच विचारलं.

"पयले माले वाटे, हाऊ तो नही," जामली म्हणाली. "लई दिन वाटे. घरमा लावाले बी मन होये नही. पन मन्हा मनमा व्हतं ना तेन्हं तोंड, ते हळूहळू पुसाई गयं. आते सपनामा बी हाऊच येस." तिने तसबीर माझ्या मांडीवर ठेवली आणि काचेवरून बोट फिरवलं, नाकावरून, मिटलेल्या ओठांवरून. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तू तेले रोज देखेल शे, अक्का. तूच सांग. आसाच व्हता ना तो?"

दूर क्रशर चालू होता. मी तोंड उघडलं. मुली, नातू, खिळा, ती काच, इतक्या वर्षांची तिची झोप, सगळं माझ्यासमोर बसलं होतं आणि वाट बघत होतं.

"हो," मी म्हणाले. "असाच होता."